हवेची कयाक घ्यावी का? (पुणे, चौथा मजला, डिकी लहान)

वल्हवू_का

मंडळी, आमच्या घरात तीन आठवडे 'बाजारात तुरी' चाललंय. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, अजून दुकानातच आहे आणि ती ठेवायची कुठे यावरून दोनदा जोरदार भांडण होऊन गेलं.

झालं असं, की डिसेंबरात सासुरवाडीला, म्हणजे आचऱ्याला गेलो होतो. येताना तारकर्लीला थांबून कर्ली नदीत तासभर भाड्याची कयाक वल्हवली. मी, बायको आणि नऊ वर्षांचा चिरंजीव. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. कडक प्लास्टिकची कयाक दहा-बारा फुटी असते. ती ठेवायला जागा नाही, गाडीला वर कॅरिअर नाही. मग उरते हवा भरायची. ऑनलाइन दोन माणसांची साधी १४ हजारांत दिसली, वर १८० किलो पेलते असं लिहिलंय. तिच्या चौपट किमतीच्या 'ड्रॉप-स्टिच' म्हणून आहेत त्याही दिसल्या. वापर म्हणाल तर पवना, मुळशी, पानशेतचं मागचं पाणी, आणि वर्षातून दोनदा आचऱ्याची खाडी.

कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? की पैसे पाण्यात? (हा विनोद मीच करून टाकतो, म्हणजे बाकीच्यांचे कष्ट वाचतील.)

टवाळ_पंडित

आमच्याकडे पाहुण्यांसाठी हवेचा पलंग घेतला होता. मामा रात्री अकराला पलंगावर झोपले आणि पहाटे तीनला फरशीवर उठले. तेव्हा निदान खाली फरशी होती. हलके घ्या.

पवनाकाठी

माझ्याकडे चार वर्षं आहे, साधी पीव्हीसीची, दोन माणसांची. पिशवीसकट सतराएक किलो भरते. खरं काय ते सांगतो.

पाण्यात ती झकास चालते, त्याबद्दल तक्रार नाही. रुंद असल्यामुळे उलटायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. वेग विचाराल तर आरामात चालणाऱ्या माणसाइतका. मागे खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, लावायची असते, ती विसरलात तर डावं वल्हं मारलं की उजवीकडे, उजवं मारलं की डावीकडे, अशी जागच्या जागी फुगडी घालत बसते. मी विसरलोय. अर्धा तास बायको पुढे बसून माझ्या वल्हवण्यातल्या चुका काढत होती आणि फिन गाडीत होती.

गंमत आहे ती पाण्याबाहेर. दुहेरी पंप, म्हणजे दांडा ओढताना आणि दाबताना दोन्ही वेळा हवा भरणारा, असेल तर दहा मिनिटांत फुगते. पण ती कष्टाची दहा मिनिटं नव्हेतच. खरे कष्ट परत निघताना. हवा सोडली, घडी घातली, की ट्यूब आणि बुडाच्या मधल्या फटीतून पाणी यायला लागतं. पुसलं, उलटी केली, पुन्हा पाणी. शेवटी ओलीच पिशवीत कोंबून घरी आणायची आणि त्याच रात्री गच्चीवर पुन्हा अर्धी फुगवून वाळत घालायची. कंटाळा करून सोमवारवर ढकललंत तर बुधवारी तिला ओल्या मोज्यांचा वास येतो आणि पुढच्या आठवड्यात काळे ठिपके. माझा सगळ्यात वरचा मजला आहे आणि गच्चीची किल्ली आहे म्हणून निभतं. चौथ्या मजल्यावर बाल्कनीत तुम्ही काय करणार?

माझा हिशेब देतो, त्यावरून काय ते ठरवा. पहिल्या वर्षी अकरा वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी दोन. यंदा अजून पिशवीचा बंद उघडलेला नाही.

वल्हवू_का

@पवनाकाठी, इतका प्रामाणिक प्रतिसाद बायकोला दाखवायची हिंमत होत नाहीये. पण ड्रॉप-स्टिचमध्ये हा वाळवायचा प्रकार कमी असतो ना? आणि १८० किलो म्हणजे आम्ही तिघं (७८, ६१, २७) बसतो की.

गणिती_मावशी

१६६ झाले. त्यात पाण्याच्या बाटल्या, डबा आणि सुटत चाललेलं तुमचं पोट धरा. १८० ही मर्यादा असते, ती गाठायची नसते. मर्यादेजवळ गेलात की बूड खाली बसतं, कडा पाण्यालगत येते आणि वल्हं जड होतं. शिवाय दोन माणसांच्या कयाकेत तिसऱ्याला जागा म्हणजे दोघांच्या पायांमध्ये. मूल पुढे आणि एक मोठं माणूस मागे, एवढंच बरं. दुसऱ्याने काठावर बसून फोटो काढायचे.

आता हवेबद्दल, कारण हे बहुतेकांना ठाऊक नसतं. साध्या ट्यूबमध्ये जेमतेम १ पीएसआय (दर चौरस इंचावर एक पौंड) दाब असतो. हा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा. बाहेरची हवा आधीच १४.७ ने दाबत असते, म्हणजे आत एकूण १५.७. सकाळी २५ अंशांना फुगवलीत आणि दुपारी काठावर उन्हात टाकून जेवायला बसलात. ट्यूब ५५ अंशांवर गेली तर एकूण दाब साधारण १० टक्के वाढतो, म्हणजे १७.३. त्यातून १४.७ वजा करा. एकाचे अडीचहून जास्त झाले! प्लास्टिक थोडं ताणून त्यातलं काही खातं, पण शिवणी सुटतात त्या याच जेवणाच्या वेळी. सावलीत ओढा, नाहीतर थोडी हवा सोडा.

उलटही होतं. काठावर ४० अंशांच्या हवेत टणक फुगवलीत आणि २५ अंशांच्या पाण्यात टाकलीत तर १ पीएसआयचा पाव उरतो. मग 'पंक्चर झाली' म्हणून ओरडायचं नसतं. पाण्यात दहा मिनिटं राहू द्या, पुन्हा चार पंप मारा, मग बसा.

ड्रॉप-स्टिच म्हणजे वरचा आणि खालचा थर हजारो दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेला असतो. त्यामुळे आठ-दहा पीएसआय भरले तरी फुगा न होता फळीसारखा सपाट राहतो. बसल्यावर मध्ये झोळ पडत नाही, म्हणून सरळ आणि जलद जाते. वाळवणं मात्र तिलाही चुकत नाही.

टवाळ_पंडित

मावशी, माझा प्रश्न वेगळा आहे. मामांचा पलंग कोणत्या दाबाला होता?

गणिती_मावशी

मामांच्या वजनापुढे कमीच.

खाडीतलो_झील

धरणाचं तुम्ही बघा, मी खाडीपुरतं बोलतो. आचऱ्याचं नाव वाचलं म्हणून लॉगिन केलं.

पहिली गोष्ट कालवं. ताटातली नव्हे, खडकावरची. ओहोटीला जे काळे खडक उघडे पडतात त्यांवर, धक्क्याच्या पायऱ्यांवर, तिवरांच्या मुळांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. अनवाणी पाय पडला तर टाके घालावे लागतात, तिथे तुमच्या प्लास्टिकचं काय! फुगवलेली होडी खडकावर ओढायची नाही, दोघांनी उचलायची. उतरायचं ते वाळूवर. फायबरच्या होडीला ओरखडा जातो, हिला थेट चीर जाते.

दुसरी वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, ते परीक्षेपुरते नव्हते. थंडीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटते. किनाऱ्यावर पाणी अगदी सपाट, तेलासारखं दिसतं. पुण्याहून आलेला माणूस म्हणतो वा, काय शांत! आणि हवेची होडी पाण्यावर पानासारखी तरंगत असल्यामुळे तो वाराच तिला बाहेर घेऊन जातो. जाताना कळतही नाही, उलट आपण फार छान वल्हवतोय असं वाटतं. परत फिरायला जावं तर होडी जागची हलत नाही. म्हणून खाडीच्या तोंडाबाहेर, उघड्या समुद्रात, ही वस्तू न्यायचीच नाही. आजोबा म्हणायचे, वारो इचारून येणा नाय.

तिसरी भरती. अ‍ॅप बघा, पण तिथीही बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. हे मुंबईकडचं गणित आहे, आमच्याकडे भरती त्याआधी येते, तेव्हा घड्याळात थोडं मागे या. पुनव-अवसेला उधाण, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. नवख्याने सप्तमी, अष्टमी, नवमीला यावं. भांगाचं पाणी असतं, ओढ कमी.

आणि पावसाळ्यात विषयच नको. १ जून ते ३१ जुलै आमच्या यांत्रिक होड्यासुद्धा किनाऱ्यावर असतात, आणि जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय पाण्यात जात नाहीत.

सुरंगी

@खाडीतलो_झील, दंडवत. आमच्या घरी पण पाऊणचा पाढा होता, तो का होता ते आज कळलं. वाचनखूण साठवली.

जड_कयाकवाला

अप्रिय मत देतो. घेऊ नका. हवेची कयाक म्हणजे ना धड होडी ना धड खेळणं. समोरून जरा वारा आला की तुम्ही वल्हवताय आणि काठावरचं झाड तिथल्या तिथे. पोरासोबत दमून जाल. त्यापेक्षा वर्षातून चार वेळा भाड्याने घ्या. चार-पाच वर्षं भाडं भरलंत तरी १४ हजार होत नाहीत. जॅकेट त्यांचं, वाळवायची त्यांनी, आणि हाक मारली तर ऐकायला कुणीतरी काठावर असतं. माझी स्वतःची कडक आहे, २६ किलोची. नदीकाठच्या मित्राच्या गोठ्यात म्हशीशेजारी ठेवली आहे.

वल्हवू_का

म्हैस असलेला मित्र कुठून आणू?

सिअ‍ॅटलवारी

जड_कयाकवाल्यांशी निम्मी सहमत. मी इथे एका बेडरूमच्या घरात राहते, हवेची कयाक कपाटात आहे आणि तीन वर्षांत शंभरेक वेळा तरी वापरली असेल. पण माझ्या दारापासून लेक वॉशिंग्टन चालत बारा मिनिटांवर आहे, चाकाच्या ट्रॉलीवर पिशवी ठेवून जाते. पवनाकाठींना दीड-दोन तास गाडी चालवावी लागते. त्यांचे अकराचे सहा आणि सहाचे दोन झाले ते त्यामुळे. कयाकेचा त्यात दोष नाही.

एक वेगळा मुद्दा. इथे पाणी वर्षातला बराच काळ गार असतं, त्यामुळे ऊन कितीही छान असलं तरी कपडे पाण्याच्या हिशेबाने घालायचे हे पहिल्या दिवशीच शिकवतात. गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वास सावरायचा, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे, त्यानंतर बोटं वळत नाहीत. तुमच्याकडे पाणी एवढं गार नसतं हे नशीब. पण जॅकेटच्या बाबतीत मात्र सूट घेऊ नका. पोहता येणाऱ्यांनीही. डिकीत ठेवून नव्हे, अंगावर, बंद लावून.

पंक्चरशास्त्री

दुरुस्तीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सायकलच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. त्याचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते नीट धरत नाही. दोन दिवस चिकटल्यासारखं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या मधोमध सुटेल. पीव्हीसीचा गोंद वेगळा मिळतो. भोक शोधायला पद्धत तीच, साबणाचं पाणी आणि बुडबुडे. आधी व्हॉल्व्ह तपासा. माझ्याकडे आलेल्या तीन 'पंक्चर' कयाकांपैकी दोनच्या व्हॉल्व्हच्या पापणीत वाळूचा कण होता, बास.

चौथी आली होती तिला बावीस भोकं होती, एका रांगेत, नक्षीसारखी. घडी उलगडली तेव्हा कोडं सुटलं. माळ्यावर ठेवली होती आणि उंदराने घडीतून आरपार कुरतडलं होतं. एकदाच चावला, पण घडीचे पदर बावीस! ती टाकून दिली.

मुळाकाठ

एवढा धागा झाला आणि मुलाला धरणात न्यावं का यावर कुणीच बोलेना! पवनेत दर उन्हाळ्यात पोरं बुडतात. पाटबंधारेवाल्यांना न विचारता लोक कुठेही उतरतात. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती. तुम्ही फुगा घेऊन निघालात.

टवाळ_पंडित

मग पोराला मोबाईल देऊन घरीच बसवा, तिथे वारं लागत नाही.

मुळाकाठ

विनोद प्रत्येक ठिकाणी शोभत नाही.

पवनाकाठी

टवाळराव, थांबा. मुळाकाठ यांचं म्हणणं रास्त आहे. एप्रिल-मे मध्ये वळवाचं आभाळ दुपारी तीननंतर भरतं आणि वारा पाच मिनिटांत येतो, काठावर पोचायला तेवढा वेळ नसतो. मी त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत बाहेर. शिवाय उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की बुडीत शेतांचे बांध आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली वीतभर येतात आणि काठाला गुडघाभर गाळ. त्यात मासेमारांची जाळी, बारीक नायलॉनची, दिसत नाहीत. फिन अडकते. अडकली तर ओढू नका, ते कुणाचं तरी पोट आहे. मागे या आणि हाताने सोडवा. खडकवासल्याचा तर विचारही नको. पिण्याचं पाणी आणि काठाला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळ, काठापासून पन्नास फुटांच्या आत, आणि आधी तिथल्या माणसाला विचारून. एवढं पाळलं तर मी माझ्या मुलीला नेलंय आणि नेईन.

@वल्हवू_का, विकत घ्यायच्या आधी माझी नेऊन बघा. या रविवारी मोकळा आहे. यंदाचा बंदही त्या निमित्ताने उघडेल.

वल्हवू_का

वृत्तांत देतो. पहाटे पाचला निघालो, पवनाकाठींच्या गाडीमागे. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून उतरलो. पंप मारायचं काम चिरंजीवांनी मागून घेतलं, चाळीसपर्यंत मोजलं आणि मग त्यांना खेकडा दिसला. उरलेलं मी मारलं. पाण्यात टाकल्यावर मावशींनी सांगितल्याबरहुकूम ती मऊ पडली, पुन्हा चार पंप.

मी मागे, मुलगा पुढे. पहिली दहा मिनिटं त्याचं वल्हं माझ्या वल्ह्यावर आपटत होतं आणि दर वेळी एक ओंजळ पाणी माझ्या मांडीवर. मग त्याने वल्हवणं सोडून दिलं आणि आम्ही सरळ जायला लागलो. धुकं उठत होतं. समोर तुंग. गडावर तीनदा गेलोय, पण पायथ्याच्या पाण्यातून तो असा वर बघायला मान एवढी मागे टाकावी लागेल हे माहीत नव्हतं. एक पाणकावळा दहा फुटांवर बुडी मारून गेला आणि आम्ही दोघं तो कुठे वर येतो यावर पैज लावून बसलो. मी हरलो. साडेनऊला वारा सुटला तेव्हा जड_कयाकवाल्यांचं झाड मलाही भेटलं, खरंच हलत नव्हतं.

मग पुसणं. मुलगा खेकड्याकडे, मी आणि पवनाकाठी दोन जुने पंचे घेऊन पाऊण तास. घरी आल्यावर त्यांच्या गच्चीवर पुन्हा फुगवली, दोन टाक्यांच्या मध्ये बांधली. खाली वहिनींनी पोहे केले होते.

तिथेच मी विचारलं, ही पाच हजारांना देता का? म्हणाले देतो. रात्री फोन आला.

पवनाकाठी

नाही देणार म्हटलं. दोन वर्षांनी पाण्यात बसलो हो. पण माझ्याकडे गच्ची आहे आणि उत्साह नाही, याच्याकडे उत्साह आहे आणि गच्ची नाही. अडीच हजार घेतले, अर्धी कयाक त्याची. नवा पंप त्याने आणायचा.

टवाळ_पंडित

पुढची अर्धी की मागची?

पंक्चरशास्त्री

माळ्यावर ठेवणार असाल तर पत्र्याच्या पेटीत.

वल्हवू_का

पेटी आणली. मुलासाठी त्याच्या वजनाचं जॅकेट आणलं, मांड्यांमधून पट्टा घ्यायचं, म्हणजे वर सरकत नाही. बायको म्हणते वासाची हमी कोण देणार.

@खाडीतलो_झील, पुढच्या शनिवारी आचऱ्याला येतोय. तिथी सप्तमी. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. पहाटे सव्वापाचची भरती धरून उजाडल्यावर साडेसहाला खाडीत उतरलो तर चालेल ना?

खाडीतलो_झील

गणित बरोबर, वेळ चूक. साडेसहाला ओहोटी लागलेली असेल आणि वर मतलई, दोन्ही तुला तोंडाकडेच ओढणार. संध्याकाळची भरती धर. दुपारी तीनला वाळूवरून उतर, चढत्या पाण्याबरोबर वर गावाकडे जा. आमच्याकडे साडेचारच्या सुमारास पाणी थांबेल, तेव्हा फिर आणि उजेड आहे तोवर बाहेर ये. तोंडाच्या बाजूला जायचं नाही.

दोन वाजता घराकडे ये, चाय पिऊन जा. पंप मी पण मारून बघतंय.